दादांच्या वाटेतली आडकाठी

वढवाण, भादरवा सुद ५

चि. सौ. वसु हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

काल संवत्सरी झाली. वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने तुला दुखवलं असेल, तर मोठी असूनही हात जोडून मिच्छामि दुक्कडम्. तुझ्या कैरीच्या छुंद्याला सगळ्यांदेखत पाक म्हणाले, तेही यातच धर.

पाच वर्षांत चारदा पालीताण्याच्या यात्रेचं गाठोडं बांधलं आणि चारदा सोडलं. कधी तुझ्या बेबीला ताप, कधी तुझ्या सासूबाई पडल्या. निघायच्या दिवशीच तुझी तार! महाराजसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, अंतराय कर्म. मागच्या जन्मी मी कुणाचं तरी देवदर्शन अडवलं असणार. तेव्हापासून त्या अनोळखी जीवासाठी दर आठमीला आयंबिल करते. बिनमिठाचं, बिनतुपाचं गिळताना तो जीव कोण होता, एवढं तरी कळावं असं वाटतं. बासष्ट संपली. तिथल्या शत्रुंजय डोंगरावरच्या आदेश्वरदादांना न बघताच जायचं की काय, याची फार धास्ती वाटते. चौमासा म्हणून यात्रा बंद आहे, कार्तिकी पुनवेला सुरू होईल.

मुलांना गोड पापा. आठवण ठेव.
तुझी मोटीबेन जासूद


पाटण, भादरवा वद २

ती. मोटीबेन,
सा. न. आणि जय जिनेंद्र.

तुझं आयंबिल वाचलं आणि माझा घास तोंडातच राहिला. तुझा मागचा जन्म बिचारा निर्दोष आहे गं. अडवलं मी, याच जन्मी, इथे पाटणात बसून. ताप आला म्हणून कळवलं त्या दिवशी बेबी गल्लीत दोरीवरच्या उड्या मारत होती. सासूबाई तर पडल्याच नाहीत. त्यांना कळलं तर मला पाडतील.

डॉक्टरांनी जिजाजींना तुझ्या छातीचं सांगितलंय. साडेतीन हजार पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणाले. तुला नाही म्हणायची जिजाजींची छाती नाही, म्हणून ते मला चिठ्ठी धाडतात आणि मी तार ठोकते. तू मला हवी आहेस, एवढंच कारण. पण आता भीती वाटते. परवा शंखेश्वरला दर्शनाला निघाले तर बस वाटेतच बंद पडली. फळ मिळायला लागलं बहुतेक.

तुला छापील क्षमापनापत्रावर सही करून पाठवलं होतं, ते फाडून टाक. खरी माफी ही.

रागव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी वसु


वढवाण, आसो सुद २

चि. सौ. वसु हिस,
आशीर्वाद.

आठ दिवस रागावले. रागाने नवं कर्म बांधलं जातं म्हणून सामायिकाला, ध्यान लावून बसले, तर तिथेही डोळ्यांपुढे तूच. मागच्या जन्मीचा अपराध किती सोयीचा होता, त्याला चेहरा नव्हता. याला तुझा चेहरा आहे, आणि तो मी लहानपणी रोज धुतलाय. मग कसली रागावते! यांना एका शब्दाने बोलले नाही. फक्त भाजीत मीठ घालायला विसरते, यांनाही आयंबिलाचं पुण्य लागू दे.

माणसांच्या खांद्यावर डोलीत बसणं मला पाप वाटायचं. आता बसेन. वाटेत छाती बंद पडलीच, तर माझं आयुष्य तेवढंच होतं असं समज. त्यातलं काही तुझ्या माथी येत नाही, हे लिहून देते.

पुनवेला मी जाणार. हे फक्त तुला सांगितलंय. यंदा आडकाठी आली, तर मी मागच्या जन्मात शोधायला जाणार नाही.

तरीही तुझीच,
मोटीबेन


पाटण, कार्तिक सुद ७

ती. जिजाजी,
सा. न. आणि साल मुबारक.

माझा पाय फार मुरगळला आहे. मोटीबेनला पंधरा दिवस इकडे धाडावं. डॉक्टरने हलू नका म्हणून बजावलंय, तरी स्टेशनवर तिला घ्यायला मी स्वतः येईन. जाडी शाल द्या. तिच्या छातीच्या गोळ्या मोजून न देता अख्खी बाटली द्या. मी तिला क्षणभर नजरेआड होऊ देणार नाही, ती जाईल तिथे मी बरोबर असेन.

चारदा मी तुमचं ऐकलं. या वेळी काही न विचारता तुम्ही माझं ऐका.

लोभ आहेच. पूनम उलटून गेल्यावरही तो असाच राहू द्यावा.

तुमची धाकटी मेहुणी,
वसु