मास्तरांना फिरवून आणण्याचं काम

३ फेब्रुवारी, सोमवार

ती. ताई,

तुला वाकून नमस्कार (वाकणं सध्या कागदावरच जमतं, तेव्हा हा मनापासूनचा समज). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की तोही माझ्या सांध्यांसारखा घरचाच झाला? आज उठलो, बोटं मोकळी होईपर्यंत गरम पाण्यात धरून बसलो, चहा केला, कपडे वाळत घातले, वर्तमानपत्र वाचलं. नेहमीसारखा दिवस. व्यायाम चालू आहे का, असं तू परवा विचारलंस आणि मी फोनवर नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"चा खुलासा करायला हे पत्र.

ही होती तेव्हा मला व्यायामाची गरज नाही असं मी समजत होतो. ही साखरेचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायची आणि चष्मा दुसऱ्या खोलीत, आणि त्यावरून मी पुष्कळ कुरकुर केली. ही गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर सगळे डबे हाताशी आणून ठेवले. थोड्याच दिवसांत खांदा असा धरला की सदरा चढवायला दाराच्या कडीची मदत घ्यावी लागली. (नोकरीभर पाणीपुरवठ्यात होतो. न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी फिरत नाही, हे सांगून हाताखालच्या लोकांचं डोकं खाल्लं. स्वतःला सांगायचं राहिलं.) डॉक्टर म्हणाले, संधिवात जाणार नाही, पण हालचाल थांबवलीत तर तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडावं लागेल. तू लगेच म्हणालीस, मग माझ्याकडे ये. ताई, तुझ्या मायेबद्दल शंका नाही. पण हिचं हे घर सोडायचं, या धास्तीनेच मी व्यायामाला लागलो.

"लागलो" हा शब्द जरा मोठा झाला. तुझ्या लेकीने मोबाइलमध्ये पावलं मोजणारं काहीतरी बसवून दिलं होतं. मी मोरीत जाऊन आलो की तो टाळ्या वाजवायचा आणि "शाब्बास, असेच पुढे चला!" म्हणायचा. या वयात मोरीत जाऊन आल्याबद्दल मला कुणी शाबासकी देऊ नये. मोबाइल कपाटात ठेवला. मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमच्या वर्गाला गेलो (वयाने तुझ्या लेकीएवढ्या, आवाजाने तुझ्याएवढ्या). त्यांनी सगळ्यांना गोल बसवून आपापलं ध्येय सांगायला लावलं. एका बाईंना डोंगर चढायचा होता. माझी पाळी आल्यावर मी "लवकर घरी जायचंय" असं खरं ते सांगितलं. सगळे हसले. मी पुन्हा गेलो नाही. शिवाय मनात पक्कं बसलेलं, की दुखतंय म्हणजे आत काहीतरी झिजतंय. दुखणं वेगळं आणि बिघडणं वेगळं, हे मॅडमनी नीट समजावून सांगितलं. मला पूर्ण पटलं, आणि पटल्यावर मी घरी येऊन झोपलो.

मग एक दिवस घरातल्या जुन्या फोनवर मॅडमचा आवाज. म्हणाल्या, तुमच्यासाठी नाही काका, माझीच एक अडचण आहे. मागच्या गल्लीत एक टेलरमास्तर आहेत, जुन्या दम्याचे, एकटे चालायला घाबरतात. त्यांना जरा फिरवून आणाल का? दुसऱ्याचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आणि ताई, एक दिवस चुकवला नाही. गुडघा सुजलेला असो, ही गेली ती तारीख असो, मास्तर खाली उभे असतील म्हणून मी उतरत गेलो. दम लागला की मास्तर थांबत आणि समोरून येणाऱ्याच्या पँटची शिवण कशी चुकली आहे ते दाखवत. माझा गुडघा धरला की मी थांबून रस्त्यातल्या झाकणाखाली कोणती पाइपलाइन गेली आहे ते सांगे. दोघांनाही एकमेकांच्या विषयात काडीचा रस नाही. त्यामुळे छान जमलं.

गेल्या आठवड्यात मास्तरांच्या बायकोने मला भाजीच्या दुकानात गाठलं. "भाऊजी, आता जरा खुललात हो! मॅडमनी यांना सांगितलं ना, 'ते काका बिचारे बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नाहीत, तुम्ही रोज सोबतीला जा.' नाहीतर आमचं ध्यान कुठलं खुर्ची सोडतंय!" मी कांदे निवडत होतो, ते तसेच टाकून आलो. म्हणजे मी मास्तरांना फिरवत नव्हतोच. मास्तर मला फिरवत होते!

मला राग आला. कुणाची दया नको म्हणून दुसऱ्या दिवशी उतरलो नाही. पडद्याआडून पाहिलं तर मास्तर वर मान करून उभे. मग दिसेनासे झाले. सुटलो म्हटलं. तेवढ्यात जिन्यातून करवत चालवल्यासारखा श्वास ऐकू यायला लागला. दार उघडलं तर मास्तर शेवटच्या पायरीवर बसलेले, हातात दम्याचा पंप, तोंडातून शब्द फुटेना. मी पाणी आणलं, पाठीवर हात ठेवून बसलो. खरंच घाबरलो होतो. या घरात तसा श्वास मी एकदा ऐकला आहे.

बऱ्याच वेळाने बोलता आलं तेव्हा माझ्या पायजम्याकडे बोट करून म्हणाले, "हा कुठल्या गाढवाने शिवला? एक पाय आखूड आहे." मग म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला जिना उतरवत नसेल. म्हटलं, हात द्यावा." हात देणाऱ्याची ती अवस्था पाहून मला हसू फुटलं. ते हसले, त्यांना ठसका लागला, पुन्हा पाणी. मग आम्ही खाली उतरलो. कुणी कुणाला धरलं होतं ते सांगता येणार नाही. मॅडमची युक्ती मला कळलीय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

भावोजींना नमस्कार. मोबाइल कपाटात आहे हे लेकीला सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. तू पुढच्या महिन्यात मला न्यायला येणार आहेस असं कळलं. ये, पण राहायला ये, न्यायला नको. माझ्यासाठी खोली रंगवू नकोस. आणि मास्तर भेटले तर मी अजून सावरलेलो नाही, असंच त्यांना सांग. सावरलो असं कळलं तर ते घरी बसतील. त्यात तुला फारसं खोटं बोलावं लागणार नाही.

आणखी एक. मास्तर कालपासून त्यांच्या लेकीकडे गेलेत, आठवडाभर येणार नाहीत. नेहमीसारखा दिवस असं वर लिहिलं, ते खरं नाही. आज घराबाहेर पडलोच नाही, आणि हे पत्रही मास्तर आल्यावर टाकू असं ठरवलं होतं. तिकीट लावलं आहे. टपालपेटी चौकाच्या पलीकडे आहे. एक बूट घालून झाला, दुसऱ्याला वेळ लागतोय. घातला की निघतो.