हुडकेश्वरचा कडुलिंब

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय ऋतू,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. मी पुन्हा झाडावर चढते आहे. शिडीवरून नाही आणि भाड्याच्या लिफ्टच्या पिंजऱ्यात उभी राहूनही नाही. कमरेला पट्टा बांधून, दोरावर, पार शेंड्यापर्यंत, आपण चढायचो तशी. हे वाचल्यावर तू कागद बाजूला ठेवशील, थोडा वेळ दारात जाऊन उभी राहशील आणि मग परत येशील, हे मला ठाऊक आहे. ये सावकाश. फोन तू उचलत नाहीस, मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतेस. आणि मौद्याला तुझ्या भावाच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर बोलावं, असं हे बोलणं नाही. म्हणून पोस्टाचा आधार घेतला.

माझा पाय बरा आहे. थंडीत ठणकतो, मांडी घालून जेवायला बसता येत नाही, बाकी तक्रार नाही. आईची तक्रार मात्र तीच. आपल्या घरात आजोबांपासून माग चालला, माणसानं बसून करायचं काम, अन् तुलेच काहून आभाळात जायचं राहते वं, असं ती अजून रोज विचारते. पण धंदा चालू आहे. पाय मोडल्यावर मी मोठी झाडं घेणं बंद केलं होतं. शिडी पोचेल तेवढंच काम. कुणाच्या आंब्याला वाळवी लागली, कुणाच्या बदामाची पानं शेजाऱ्याच्या गाडीवर पडतात, कुणाला झाड मुळासकट नको आहे पण उद्यान विभागाची परवानगी काढायला नको आहे. अशा माणसाला चहा पिता पिता समजवायचं की काका, दोन फांद्या उतरवू, उजेड येईल, झाडही राहील. दहातले बरेच जण ऐकतात. कवडूभाऊ अजून माझ्याबरोबर आहेत. तेच करवत चालवणं, तेच दिवसभरात चार वाक्यं बोलणं. चिंच, पिंपळ, जुना कडुलिंब असं काही आलं की मी म्हणायची, आम्ही एवढं मोठं करत नाही. आणि कवडूभाऊ दुसरीकडे बघायचे.

तुला आठवतं, आपण इतवारीत ओझ्याचा दोर, कापलेल्या फांद्या खाली सोडायचा तो, आणायला गेलो होतो? एनसीसीच्या कॅम्पात कडा चढायला शिकलो तेवढ्या भांडवलावर आपण झाडांचा धंदा काढायला निघालो होतो. दुकानदाराने विचारलं, म्हैस बांधायले पाहिजे का? तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, नाही, हिले बांधायले. तो बिचारा दोर मोजायचा थांबला होता. मग तू त्याला दुकानातच गाठ मारून दाखवलीस, त्याच्या गल्ल्याच्या खांबाला, आणि म्हणालीस, ओढा आता. त्याने ओढलं, नोकराने ओढलं, समोरच्या भांड्याच्या दुकानातला माणूस येऊन ओढून गेला. त्या दिवसापासून वर मी आणि खाली दोर धरून तू, असं ठरलं. तुझ्याइतकं शांत कुणी खाली उभं राहू शकत नाही.

आता हुडकेश्वरचं सांगते. मे संपत आला होता, नवतपाचे नऊ दिवस चालू होते, नागपूर नुसतं भाजून निघालं होतं, आणि एका संध्याकाळी असं वादळ आलं की पत्रे पतंगासारखे उडाले. सकाळी मला मिनल नावाच्या एका बाईचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाची वाटली. म्हणाली, ताई, घरावर झाड पडलं आहे आणि आत सासरे आहेत. मी म्हटलं, अग्निशमनला कळवा. ती म्हणाली, कळवलं, पण अर्ध्या शहरात झाडं पडली आहेत, येतो म्हणाले आहेत. मी नुसतं बघायला म्हणून गेले. खरंच नुसतं बघायला.

गल्ली इतकी अरुंद की जेसीबी तोंडालाच अडकून उभा. अंगणात जुना, दोन बुंध्यांचा कडुलिंब, आणि तो बेचक्यातून उभा चिरला होता. एक बुंधा जागेवर. दुसरा गच्चीच्या कठड्यावर रेललेला, नुसता सालीच्या आणि थोड्या लाकडाच्या आधारावर. त्याच्या फांद्यांनी पुढचं दार गच्च बुजवलं होतं. मागची भिंत शेजाऱ्याला लागून, तिकडे दार नाही. आणि त्या भाराच्या बरोबर खाली, पुढच्या खोलीत, मिनलचे सासरे बाबनराव खाटेवर. खुब्याचं हाड मोडलेलं, नुकतंच ऑपरेशन झालेलं. खिडकीच्या गजातून ती त्यांना पाणी देत होती. स्लॅबला भेग पडली होती आणि मी बघत असतानाच तिच्यातून माती गळली.

गल्लीतली माणसं दार मोकळं करायला खालच्या फांद्या तोडायला निघाली होती. मी जवळजवळ किंचाळलेच. त्याच फांद्यांवर तो बुंधा टेकला होता, त्या काढल्या असत्या तर सगळा भार एकदम स्लॅबवर बसला असता. त्याला वरूनच धरायला हवं होतं. कुणीतरी उभ्या बुंध्यावर चढून, पडलेल्याला दोराने वरच्या बेचक्यात टांगून, शेंड्याकडून एक एक तुकडा कापून खाली सोडायला हवा होता. हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मग मिनलने विचारलं, कोण चढेल? सगळे माझ्याकडे बघत होते. कवडूभाऊ मात्र टेम्पोकडे गेले आणि माझा पट्टा घेऊन आले. दोन वर्षांत मी तो टेम्पोत ठेवला नव्हता, ऋतू. त्यांनी ठेवला होता.

खोटं नाही सांगत, पहिल्या फांदीवर पोचले तेव्हा पाय असा थरथरायला लागला की पानं हलत होती. मी डोळे मिटून झाडाला गाल लावून उभी राहिले. खिडकीतून बाबनरावांचा आवाज आला, कोन चढलं गा? कवडूभाऊ म्हणाले, बाई आहे. मग बाबनराव म्हणाले, पोरी, उभा आहे तो नको पाडू वं, माह्या हातचं झाड आहे. छातीवर छप्पर येऊ घातलेला म्हातारा झाडाची काळजी करतो आहे म्हटल्यावर मला हसू फुटलं, आणि हसता हसता पाय थांबला. तिथून वर मी कशी गेले ते विचारू नको. हातांना सगळं आठवत होतं.

कवडूभाऊंनी माझा दोर धरला. गल्लीतल्या चौघांना ओझ्याचा दोर दिला आणि उभ्या बुंध्याला वेढे देऊन हळूहळू कसा सोडायचा ते शिकवलं. मग मी कापायला सुरुवात केली. एक तुकडा, खाली. दुसरा, खाली. ऊन असं की करवतीची मूठ धरवत नव्हती. मिनल गल्लीतल्या बायकांकडून घागरी मागून माणसांच्या डोक्यावर पाणी ओतत होती. शेवटी राहिला मुख्य बुंधा. तो सुटला आणि ठरल्यापेक्षा जोरात फिरला, सरळ खिडकीच्या दिशेने. मी ओरडले, ऋतू, ढील दे! खाली तू नव्हतीस. गल्लीतली माणसं वर बघत राहिली, कोण ऋतू म्हणून. कवडूभाऊंनी मात्र त्याच क्षणी ढील दिली. मी दोरावर झोका घेऊन त्या बुंध्याला लाथ मारली, मोडलेल्याच पायाने, आणि तो वळला. दोराने भार घेतला, खालच्या चौघांनी दात ओठ खाऊन तो आवरला, आणि म्हातारं जनावर बसावं तसा तो हळूच अंगणात टेकला. खिडकीची काचसुद्धा फुटली नाही.

बाबनरावांना खाटेसकट उचलून बाहेर आणलं तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. मी अजून वरच होते. वरून सगळी डोकी दिसत होती, लांब उमरेड रोडवरची वाहनं दिसत होती, आणि मला उतरावंसंच वाटत नव्हतं. बाबनराव खालून माझ्याकडे बघत म्हणाले, आता काय वरच राहतं का? मी उतरले तेव्हा मिनलने मला मिठी मारली, ती कितीतरी वेळ सोडेचना. तिची साडी घामाने, पाण्याने आणि भुशाने माखली.

उरलेला बुंधाही पाडून टाका असं बरेच जण म्हणत होते. मी पाडला नाही. जखमेच्या कडा साफ केल्या, वरचा भार हलका केला, खालून टेकू दिला. पावसाळाभर येऊन बघत राहिले. काल कोजागिरीचं आमंत्रण होतं, म्हणून मी आणि कवडूभाऊ हुडकेश्वरला गेलो. काय सांगू तुला, चिरेच्या दोन्ही बाजूंनी नवी साल चढते आहे आणि तुटल्या बाजूला पालवीचे झुबके फुटले आहेत. बाबनराव काठी घेऊन त्याच्याखाली फिरतात. दूध व्हायच्या आधी त्यांनी मला हाताला धरून झाडाभोवती चक्कर मारायला लावली. आता मी पुन्हा मोठी झाडं घेते. दिवाळीनंतर कामठी रोडला जुन्या चिंचांची एक अख्खी रांग हाती आली आहे, आणि मी जेवण विसरून त्या चिंचा बघत बसते.

पण हे सगळं सांगायला पत्र लिहिलं नसतं, फोटो पाठवले असते. पत्र लिहिलं ते काल परत येताना टेम्पोत झालेल्या बोलण्यामुळे. मी सहज कवडूभाऊंना विचारलं, त्या दिवशी मी ऋतूला हाक मारली आणि तुम्ही लगेच ढील दिलीत, कसं कळलं? ते म्हणाले, दोर धरनाऱ्याचं तेच नाव आहे ना. मग स्वतःहून पुढे बोलले. मी गुलमोहरावरून पडले त्या दिवशी ते कुंपणाच्या पलीकडे फांद्या रचत होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाले, वरचं बेचकं मोडलं, आतून पोकळ होतं. दोर खालच्या फांदीवर येऊन पडला, एकदम ढिला. तुम्ही दगडासारख्या खाली येऊन राहिल्या होत्या. ते पोरगी दोर घेऊन मांगं पळाली, पळता पळता ओढत गेली, अन् टाचा रोवून खाली बसली. हात सोलून निघाले, पन तिनं सोडला नाही. डोकं जमिनीपासून हातभर राहिलं तुमचं. मी विचारलं, हे आजवर सांगितलं का नाही? ते म्हणाले, तुमाले ठाऊक नसन असं मले वाटलंच नाही. ऋतू, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, थेट दवाखान्यातला पंखा आठवतो, आणि पलंगाशेजारी पट्ट्या बांधलेले हात घेऊन बसलेली तू, माह्या हातून सुटला वं, माह्या हातून सुटला, असं म्हणणारी. तुला आठवतो तो हातातून सरसरत जाणारा दोर. तू कशासाठी पळालीस आणि काय थांबवलंस, ते तुला आठवतच नाही. तू दोन वर्षं धंदा सोडून स्वतःला जी शिक्षा देते आहेस, ती ज्या गोष्टीसाठी देते आहेस ती घडलीच नाही. माझा पाय कुंपणाच्या भिंतीवर आपटून मोडला, पण मी जिवंत आहे ती त्या दिवशी तू खाली उभी होतीस म्हणून. रविवारी मी आणि कवडूभाऊ मौद्याला येतो आहोत. ते तुझ्यासमोर पुन्हा एकदा एवढं सगळं बोलायला तयार झाले आहेत, आणि त्यांच्यासाठी ते केवढं आहे ते तू जाणतेसच.

तू धरून ठेवलेली,
तुझीच गोपिका