नाव कमी करायचा फॉर्म

१७ ऑक्टोबर २०२३, फुलचूर

कोर्टाने नाही म्हटलं! शिलाई मशीन बंद ठेवून सकाळपासून मोबाईलला चिकटले होते. आमचं प्रेम गुन्हा नाही, हे २०१८ लाच सांगून झालं. लग्न मात्र नाही.

धनवंता ड्युटीवरून आली. कंडक्टरची बॅग खुंटीला अडकवत म्हणते, "कायले रडून राहिली? काल तरी आपलं लग्न लागून होतं का?" खरं आहे. पण सात वर्षं एका ताटात जेवतो आणि घरमालकीण सुशिलाबाईंना अजून 'मावसबहीण' सांगतो. चीड येते!

१८ ऑक्टोबर

रागाच्या भरात ब्लाऊजची बाही उलटी जोडली. उसवत बसले.

३ सप्टेंबर २०२४

पेपरात आलंय — आमच्यासारख्या जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरा, असं केंद्राने राज्यांना कळवलंय. लग्न मागितलं, तांदूळ मिळाला! मी पोट धरून हसले. धनवंता हसली नाही. म्हणाली, "दोघींचं नाव एका कागदावर राहीन नं?"

९ सप्टेंबर

अर्ज घेऊन तहसीलला गेलो. बाबूने विचारलं, "नातं? बहीण लिहू?" मी नुसतं पेपरातलं कात्रण पुढे केलं. एरवी एवढी तोंडाळ मी! धनवंताच बोलली, "जोडीदार लिवा." भर गाडीत तिकीट विचारते त्या आवाजात.

बाबूने कात्रण दोनदा वाचलं. "ठीक है. पण यांचं नाव वडिलांच्या कार्डावर आहे. आधी तिथून कमी करा. वडिलांची सही लागेल."

धनवंताचे वडील म्हणजे चिचगडचे बिसरामबाबा. आठ वर्षांत आमच्या दारात पाय ठेवला नाही त्यांनी.

१५ सप्टेंबर

धनवंता एकटीच चिचगडला जाऊन आली. फॉर्म बाबांच्या बाजेवर ठेवला आणि सगळं सांगितलं. "मावसबहीण नाही बाबा, रश्मी माझी घरवाली आहे." बाबा दोरी वळत राहिले. फॉर्म तिथेच ठेवून ही परतली.

जेवली नाही ती. कार्ड गेलं खड्ड्यात, तिचा बाप तुटायला नको.

२२ सप्टेंबर

काही निरोप नाही.

२९ सप्टेंबर

बिसरामबाबा आले! पहिल्या गाडीने. फॉर्म माझ्या हातात दिला, पाणी मागितलं. सही वाकडीतिकडी, पण त्यांचीच. खाली नाव कमी करण्याचं कारण विचारलंय — मृत्यू, स्थलांतर, लग्न. खूण लग्नावर.

मी भीत भीत विचारलं, "बाबा, चुकून झाली का?"

"काऊन चुकन? पोरगी नांदून राहिली नं?"