शनिवारची सॉना आणि माझं फंक्शन

सोमवार, ४ नोव्हेंबर
सोसायटीच्या तळघरातल्या सॉनाच्या, म्हणजे सगळ्यांच्या गरम वाफेच्या खोलीच्या, पाळ्या नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम अंगावर घेतलं. पिर्क्कोबाई, आमच्या चेअरमन, म्हणत होत्या की बाहेरची कंपनी बोलावू. मी म्हटलं, कशाला? जुन्यातली काही फंक्शन्स, म्हणजे हिशेब करणारे कोडचे तुकडे, नव्यात नाहीत, एवढंच ना? ती मी लिहितो. चार दिवस पुरे. सिर्क्का म्हणाली, आपली शनिवार सहाची पाळी नऊ वर्षं थांबून मिळालीये, तिला धक्का लागला तर याद राख. बायकोला मायग्रेशन कळत नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर
तारखेवरून वाराचा आकडा काढणारं फंक्शन लिहिलं. सोमवार एक, रविवार सात. भिंतीवरच्या कॅलेंडरात तसंच असतं. आज बुधवार, उत्तर आलं तीन. टेस्टिंग संपलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०
सॉनाचं दार फक्त ज्याची पाळी त्याच्याच कार्डानं उघडतं. कार्ड लावलं, उघडेना. आत, काचेपलीकडे, शुक्रवारवालं लिंडरूस कुटुंब, चौघंही उघडेबंब आणि खुशीत. आतूनच ओरडले, आज आमचा नंबर आहे, मशीनला विचार!
जुना डेटाबेस आठवडा रविवारपासून मोजायचा म्हणे: रविवार एक, शनिवार सात. हे कुणी सांगायला नको? सगळी इमारत एक दिवस पुढे सरकली. सिर्क्का टॉवेल खांद्यावर टाकून वर निघून गेली. ती अशी जिना चढते तेव्हा मला भीती वाटते.

रविवार, १० नोव्हेंबर
फंक्शन दुरुस्त केलं. शिवाय खात्रीसाठी पाळ्यांच्या यादीतले वारांचे आकडेही एकेकानं कमी केले, एकाचा सात. डबल सेफ्टी. असा विचार करणारी माणसं कमी.

शनिवार, १६ नोव्हेंबर
दोन्ही दुरुस्त्या एकदम लागू झाल्या, आता इमारत एक दिवस मागे. आमची पाळी कालच होऊन गेली. आत रविवारवाल्या निवृत्त पाद्रीबाई. सिर्क्काला म्हणाल्या, ये गं, बस, जागा आहे. ती गेली. मी कोड बघायला वर आलो. जिन्यापर्यंत दोघींचं हसणं ऐकू येत होतं. तांत्रिकदृष्ट्या आपण उत्तराच्या अगदी जवळ आहोत.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
बोर्डाची मीटिंग. मी 'खरा_वार' हे नवं फंक्शन मांडलं, बावीस स्लाइड्स. पिर्क्कोबाई म्हणाल्या, बाबा रे, पुरे. डेटाबेस बंद, कार्ड बंद, दारावर कागद आणि पेन्सिल. ज्याचा हात आधी, त्याची पाळी. मी नवव्या स्लाइडवर होतो. वळून पाहिलं तर खोली रिकामी.
खाली गेलो. कागद भरलेला. शनिवार सहा: सिर्क्का आणि पाद्रीबाई. माझं नाव अगदी तळाशी, प्रतीक्षा यादीत. अक्षर सिर्क्काचं.