बाहेरून दहावी

१५ जुलै २००१, रविवार
हेडसर काल म्हणाले, लॅबमधले भिमाजी आप्पा पुढच्या मेमध्ये रिटायर. जागा आपल्या शिपायातूनच भरायची, पण दहावी पाहिजे. माझी नववी झालेली. म्हणजे कमी फक्त एकच यत्ता. वय छत्तीस, त्याचं काही नाही. मार्चला बाहेरून बसायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून.

१८ जुलै
एकट्याने अभ्यास होत नाही हे मागच्या वीस वर्षांत सिद्ध झालं आहे. ग्रुप पाहिजे. दोन मेंबर मिळाले. ताईबाई, अंगणवाडीत मदतनीस, दहावी झाल्या तर सेविका होतील. आणि सम्राट, आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहतो, कंपनीत हेल्पर. दहावी नाही म्हणून ऑपरेटर करत नाहीत. लीडर मी. निवडणूक घेतली नाही, गरज नव्हती.
जागा : आमच्या शाळेतली नववी ब. किल्ली माझ्याकडेच. वेळ संध्याकाळी सहा ते आठ.

२३ जुलै
उद्घाटन. नारळ फोडला. 'ग्रुप स्टडीचे दहा फायदे' यावर मी बोललो. सातव्या फायद्याला लाईट गेली, उरलेले तीन अंधारात सांगितले. ताईबाईंनी विचारलं, "भाऊ, पुस्तक कवा उघडायचं?"
उद्या.

४ ऑगस्ट, शनिवार
फायद्यांचा तक्ता तयार. तीन रंग, बारा दिवस लागले. 'एकमेकांच्या शंका दूर होतात' हे लाल शाईत. सम्राटला मंगळवारी बीजगणितात शंका होती. त्याला म्हटलं, लिहून ठेव, शनिवारी शंकासमाधान. आज त्याला सेकंड शिफ्ट लागली. शंका आपोआप मिटली.

२० ऑगस्ट
फॉर्म आणले. तिघांचे मीच भरणार आणि एकत्र देणार, त्याशिवाय ग्रुप कसला? दोघांनी फोटो आणि शाळेचे दाखले माझ्याकडे दिले. मुदत एकतीसपर्यंत आहे. घाई केली की अक्षर बिघडतं.

३१ ऑगस्ट
सम्राटच्या जन्मतारखेत खाडाखोड झाली. ताईबाईंच्या फॉर्मवर चहा सांडला. लेट फॉर्म तीस सप्टेंबरपर्यंत चालतो. ऑफिसबाहेरच्या स्टुलावर मीच बसतो, मला कोण अडवणार?

११ सप्टेंबर
ताईबाई भर शाळेत आल्या. कागद परत मागितले. "माजं मी भरते. तुमचाबी आजच भरा, भाऊ." सम्राटही दुपारी येऊन घेऊन गेला. "मामा, राग मानू नका, पण फॉर्म राहिला तर वर्ष जाईल."
टीम स्पिरिट कमी. लीडरने मन मोठं ठेवावं. ठेवलं.

२९ सप्टेंबर, शनिवार
दिवसभर पुण्यात. आपल्या शाळेतून आलेल्या सगळ्या सतरा नंबर फॉर्मचा गठ्ठा बोर्डात दिला. मोठी रांग. सही-शिक्क्याची पोच घेतली, एकही कागद गहाळ नाही. हेडसरांनी असं काम पाहावं. येताना स्वतःच्या फॉर्मसाठी फोटो काढून घेतला. चेहरा चांगला आला आहे.

१ ऑक्टोबर, सोमवार
फोटो चिकटवून फॉर्म क्लार्कच्या टेबलावर ठेवला. ते माझ्याकडे बघतच राहिले. "हौसराव, अहो शनिवारी तुम्हीच गठ्ठा देऊन आलात की." मी म्हटलं, हा एकच आहे. म्हणाले, मुदत काल संपली, एकाला वेगळी गाडी नसते.
काहीतरी स्पेशल परवानगी असणारच. ग्रुपला इतक्यात सांगायचं नाही, त्यांचं मनोधैर्य खचेल. घरीही नाही.

१४ नोव्हेंबर
ताईबाईंची कंबर धरली आहे. सम्राटला ओव्हरटाइम. हजेरी : एक. वर्गात शिस्त उत्तम.

६ डिसेंबर
हजेरी : एक. भूमितीचं पहिलं प्रकरण चौथ्यांदा वाचलं. आता पाठ येत आहे, समजायला लागलं की दुसरं घेऊ. परवानगीचं हेडसरांना विचारायचं आहे. आज त्यांचा मूड नव्हता.

१८ जानेवारी २००२
सकाळी सहाला दूध आणायला गेलो. अंगणवाडीत दिवा. खिडकीतून पाहिलं तर ताईबाई आणि सम्राट खाली बसलेले, मधे पाटी. ताईबाई त्रिकोण काढून समजावत होत्या आणि सम्राट म्हणत होता, "आत्ता कळलं, आत्ता कळलं." कंबर बरी दिसली.
लीडर नसतानाही ग्रुप चालतो, ही लीडरचीच पावती. आत गेलो नाही. दूध नासलं असतं.

१९ जानेवारी
ताईबाईंना सहज विचारलं, सकाळी कुठं असता? खाली बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमी लई बोलता वो. आमाला पास व्हायचंय."
बरोबर आहे. दहा फायदे जरा जास्तच झाले. पाच पुरेसे होते.

२० फेब्रुवारी
हॉल तिकिटं आली. वाटायचं काम माझ्याकडे. ताईबाईंनी विचारलं, "तुमचं?" मी म्हटलं, माझं डायरेक्ट सेंटरवर येणार आहे. त्यांनी माझ्याकडे बघत आपलं तिकीट पिशवीत ठेवलं.
हेडसरांना आज विचारलं. म्हणाले, पुढच्या वर्षी बसा. भिमाजी आप्पा पुढच्या वर्षीपर्यंत थांबतील का, हे विचारायचं राहिलं.

५ मार्च, मंगळवार
मराठीचा पेपर. सेंटर शिरूर. ही पहाटे उठली, डोकं धुवून देवाला दिवा लावला, माझ्या हातावर दही दिलं. नवा शर्ट काढून ठेवला होता. नको म्हणता येईना.
तिघं एकाच जीपने गेलो. गेटवर पोलिसाने हॉल तिकीट मागितलं. मी म्हटलं, मी यांना सोडायला आलोय. सम्राट वळून बघायला लागला. ताईबाईंनी त्याला दंडाला धरून आत नेलं, परत आल्या, आपली पिशवी माझ्या हातात दिली. "तेवढी सांभाळा."
तीन तास चिंचेखाली. शर्टाला घाम.
दोघं बोलत बोलत बाहेर आले. सम्राटचा निबंध दोन पानं झाला. तो चहा आणायला गेला तेव्हा ताईबाई शेजारी बसल्या. "कवापासनं ठावं हाय तुमाला?"
ऑक्टोबरपासून, म्हटलं.
"आन् तरी रोज वर्ग उघडून एकटंच बसत हुता?"
मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतली भाकरी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. भाकरी गार होती, खाल्ली.
घरी आलो तर ही दारातच उभी. कसा गेला? सोपा गेला, म्हटलं. तिने तिथूनच हात जोडले. उद्यासाठी शर्ट धुवायला टाकला.
अजून सहा पेपर आहेत.