एका कॉम्प्युटरात दोन बिऱ्हाडं

त्या सकाळी मी दूध तापवून बाजूला ठेवलं होतं, घासलेली भांडी जागच्या जागी लावली होती, दुकानाचं शटर वर करून पायरीपर्यंत केर काढला होता, आणि कॉम्प्युटर चालू करून तो जागा होईपर्यंत कुंड्यांना पाणी घालायला गेले होते. (जाऊबाई, पत्रात आधी नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. तो इथे घ्या, अगदी वाकून केलेला आहे. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? सूनबाई तुमच्याशी बोलायला लागली का?) ह्यांच्या वेळेपासूनचा हा क्रम आहे. कॉम्प्युटर म्हातारा, त्याला उठायला वेळ लागतो, तेवढ्यात एक काम उरकतं. पूर्वी नुसतं पाणी घालून होई, अलीकडे पाणी, कपडे वाळत घालणं आणि शेजारणीशी थोडं बोलणं एवढं बसायला लागलं होतं. त्या दिवशी परत आले तर पडद्यावर मजकूर, की या सिस्टीमला यापुढे कंपनीची मदत मिळणार नाही. मी म्हटलं, बरं, इथे कुणाला मिळते आहे.

पण तेवढ्यावर भागलं नाही. गिऱ्हाइकांची मेल उघडेना, मेलमधली डिझाइनं उतरेनात. तुमच्या चिरंजीवाला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं (पोरगं गुणी आहे, बँकेतले इतके कॉम्प्युटर सांभाळतं, उगाच नाही) आणि सांगितलं की काकू, तो डबा आता भंगारात काढू, रविवारी गाडी घेऊनच येतो. आता गंमत अशी, की नवा कॉम्प्युटर आपल्या कटरला, म्हणजे पाट्यांची अक्षरं कापणाऱ्या यंत्राला, ओळखत नाही. कटर बनवणारी कंपनी कधीच बुडाली, त्याचा प्रोग्राम फक्त त्या जुन्या सिस्टीमवर चालतो. म्हणजे डबा गेला की कटर गेलं, कटर गेलं की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की मी तुमच्या मागच्या खोलीत. दुकानाचा भाडेकरारही महिनाअखेर संपतोय, चांगला योग आहे, असं तुम्हीच फोनवर म्हणालात. तुमचा हेतू चांगला आहे. खोलीही चांगली आहे, मी राहिले आहे तिथे. इस्त्री करून कपाटात ठेवलेल्या साडीसारखी बाई तिथे नीट राहते आणि कुणी तिला नेसत नाही. विचार करून कळवते म्हटलं होतं. करते आहे.

रेडियमच्या दुकानात तुम्ही दोघं नेमकं करता काय, असं तुम्ही नेहमी विचारायचात आणि उत्तर ऐकेपर्यंत उठून जायचात. आता पत्रातून उठता येणार नाही. रंगीत चिकट कागदाचा रोल असतो. कटर त्यावर अक्षरांच्या कडा कापतं. मग नको तो भाग चिमट्याने सोलून काढायचा. जे रंगीत उरलं ते आपलं, ते पाटीवर किंवा गाडीवर चिकटवायचं. लग्न झालं तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणून ह्यांनी मला सोलायचं काम दिलं. ‘ठ’च्या पोटातला गोळा काढता काढता ‘ठ’ ओळखीचा झाला, मग हळूहळू बाकीचे. (काचेला आतून लावायची अक्षरं उलटी कापतात. त्यामुळे मधली काही वर्षं मला सरळपेक्षा उलटं बरं वाचता येई. हे मला दवाखान्याच्या काचेपाशी नेऊन आतून बाहेरून दोन्हीकडून वाचायला लावत.) तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते. तसंच लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, आणि त्यात मला सापडलं की एकाच कॉम्प्युटरात दोन सिस्टीम ठेवता येतात. जुनी आहे तिथे राहते, तिच्या शेजारी नवी आणून बसवायची. यंत्र चालू केलं की ते दारातच विचारतं, आज कुणाकडे? एक जागी असली की दुसरी गाढ झोपलेली. दोघी समोरासमोर येतच नाहीत, म्हणून भांडण नाही. (आपण दोघी एका ओट्यावर होतो तेव्हा हे पुस्तक निघायला हवं होतं.) म्हणजे मेल नवीकडे बघायची, कटर जुनीकडे चालवायचं. डबा वाचला.

नवी सिस्टीम फुकट असते. शेजारच्या झेरॉक्सवालीने ती मला पेनड्राइव्हवर घालून दिली. मी जरा घुटमळले, फुकट म्हणजे कसली असेल, तर ती म्हणाली, “काकू, हवापण फुकटच आहे, घेताय ना?” मी ग्लासभर पाणी पिऊन बसले. नवीने आधी विचारलं, जुनीला पुसून टाकू की तिच्या शेजारी राहू? हा प्रश्न मी बोट ठेवून तीन वेळा वाचला. शेजारी, असं उत्तर दिलं. मग तिने विचारलं, तुमचं नाव काय? जुनी रोज उघडली की ह्यांना नावाने हाक मारून या म्हणते, अजूनही. मी तिला काही सांगितलेलं नाही. नवीला मी माझं नाव दिलं. पुढे आणखी काही लिहायचं का, असा विचार केला आणि नुसतंच ठेवलं.

मग जागेच्या वाटणीची वेळ आली. पडद्यावर एक आडवी पट्टी, तिचा काही भाग रंगीत, काही पांढरा, मध्ये सरकवायची रेघ. आता इतकी वर्षं रेडियम सोललेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको, की रंगीत ते राहणार आणि पांढरं ते सोलून जाणार. राहणारी कोण? जुनी. म्हणून मी रंगीत भाग जितका ताणता येईल तितका ताणला. पाहुणीला कोपरा पुरे. आणि ‘पुढे’ म्हणून दाबलं. जाऊबाई, रंगीत होतं ते नवीचं होतं. पाहुणीला अख्खं घर मिळालं आणि जुनीला तिच्या सामानासकट अशी कोंबली की तिला कूस बदलायला जागा नाही. हे मला लगेच कळलं नाही. दारात दोघींची नावं दिसली, दोघी हाक मारल्यावर उठल्या, मेल उघडली, मी चिरंजीवाला फोन करून रविवारची गाडी रद्द करायला सांगितली. तो हसला. म्हणाला, “बघू काकू, आठवडा जाऊ दे.”

आठवडा कुठला जातोय. शाळेच्या बसची ऑर्डर आली, दोन्ही अंगांना मोठी अक्षरं. बस दारात उभी, मालक दुकानात उभा. कटरने ‘शाळेची बस’मधलं ‘शाळे’ कापलं आणि थांबलं. पडद्यावर: जागा शिल्लक नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा ‘शाळे’. बसवाल्याने विचारलं, की बाई, नुसतं ‘शाळे’ लावून हिंडू का, लोकांना वाटेल बायकोचं माहेरचं आडनाव आहे. मी पुन्हा चिरंजीवाला फोन लावला (होय, लावला). तो म्हणाला, “काकू, आता कशालाच हात लावू नका. मी रविवारी येतो आणि सगळं पुसून टाकतो.” मी बरं म्हणून फोन ठेवला. पुसायला माझा ओटा आहे.

मग मी नवीकडे गेले. पुस्तकात लिहिलं होतं की नवीला जुनीच्या खोलीत जाऊन तिचं सामान बघता येतं. जुनीला मात्र शेजारी कुणी राहतं याचा पत्ताच नसतो. (थोरल्या अशाच असतात. राग मानू नका.) जुनीने एवढं भरून ठेवलंय तरी काय, म्हणून बघायला लागले, तर सगळ्या ह्यांच्या फिल्मा. पाटी लावून झाली की हे शिडीवरून उतरत, फोन काढत आणि पाटीची फिल्म घेत. फोटो काढा म्हटलं तर म्हणत, फोटोत सरळ-वाकडं कळत नाही. फिल्ममध्ये कसं कळतं हे मला आजतागायत समजलेलं नाही, पाटी काही चालत नाही. पण प्रत्येक दुकान, प्रत्येक दवाखाना, प्रत्येक फाटक, सगळं होतं. मी एक उघडली. ‘येथे वाहने उभी करू नयेत.’ पाटी आहे तशी आहे, कडेला ह्यांचं बोट आलंय, एक गाडी येऊन नेमकी तिथेच उभी राहते, आणि ह्यांचा श्वास ऐकू येतो, शिडी उतरल्यावर लागायचा तसा. शेवटी म्हणतात, “झालं. सरळ आहे.” मी ती पुन्हा पाहिली. बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता.

यातलं काही पुसायचं नव्हतं, आणि गरजही नव्हती. माझ्याच चुकीने माझ्या बाजूला ओसाड माळासारखी जागा पडली होती. ह्यांच्या सगळ्या फिल्मा उचलून मी माझ्याकडे आणल्या. त्याला वेळ लागतो, एक रेघ मुंगीच्या पावलाने सरकत राहते. तोवर बसवाल्याला चहा दिला, चिमटा दिला आणि आधी कापलेलं ‘शाळे’ सोलायला बसवलं. त्याने ‘ळे’ची मात्राच सोलून टाकली, ती मी केरातून उचलून झटकून परत लावली. रेघ पूर्ण झाली, यंत्र बंद केलं, जुनीला उठवलं. ती नेहमीसारखं ह्यांना या म्हणाली. तिला आता श्वास घ्यायला जागा होती. कटरने दोन्ही अंगांची अक्षरं न थांबता कापली. दिवेलागणीच्या आत बस गेली.

तेव्हा सगळं उत्तम चाललं आहे आणि मला कुणाच्या मदतीची गरज नाही, एवढं कळवण्यासाठीच हे पत्र. भावोजींना नमस्कार, सूनबाई बोलत असेल तर तिला आशीर्वाद, नसेल तरी.

तुमची,
धाकटी

ता. क. कटरच्या प्रोग्रामची मूळ सीडी चिरंजीव मागच्या वर्षी “सांभाळून ठेवतो” म्हणून घेऊन गेला होता. ती तुमच्या टीव्हीजवळ आहे, तुम्ही तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवता. जुनी उद्या रुसली तर जगात माझ्याकडे तेवढाच इलाज आहे. कोरड्या फडक्याने पुसून, जाड कागदात गुंडाळून पाठवा. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं.

आणखी एक. पट्टी उलटी ओढल्याचं चिरंजीवाला सांगू नका. आणि रविवारी त्याला येऊ द्या. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. औषधाच्या दुकानाची पाटी वर चढवायची आहे, शिडी धरायला मजबूत माणूस पाहिजे.

आणि शेवटचं. मागच्या खोलीचं विचार करून कळवते म्हटलं होतं. बस गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेच्या मालकाकडे गेले आणि दुकानाचा करार आणखी तीन वर्षांसाठी माझ्या नावावर करून आले.