छपरावरचे अकरा दिवस

२ जून, रविवार

दोनशे बारा पानं छापून आणली! दुकानदार म्हणाला, "शाळेचे पेपर का, बाई?" मी हो म्हटलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी 'कादंबरी' म्हणायला जीभ रेटत नाही.

राजधानीहून, असुन्सिऑनहून, संपादिका लुक्रेसियाबाईंचं पत्र आलंय. दुरुस्त केलेला खर्डा महिनाअखेर हवा. आधी तयारी — एकदा सलग वाचायचं, हातात पेन्सिल न घेता. मग प्रत्येक प्रकरण एका ओळीत, एकेका चिठ्ठीवर. मग कापाकापी.

४ जून

पेन्सिल नव्हती ते बरं झालं, नाहीतर कागद फाटले असते. ऐंशी पानांत एकोणचाळीस उसासे! नावाडी, पाद्री, खाटीक — सगळे माझ्यासारखेच बोलतात, वर्गात फळ्यापुढं उभं राहिल्यासारखे. आणि हे मी परक्या बाईला वाचायला पाठवलं. कान गरम झाले.

५ जून

नववं ते बारावं प्रकरण. पुरातलं छप्पर. हे चांगलंय. फारच चांगलंय.

६ जून, गुरुवार

गेले नाही. चार वर्षांत पहिल्यांदा गुरुवार चुकवला. पडद्याआडून बघितलं — शेजारची सिन्फोरियाना, आख्ख्या गल्लीची सिन्फोमावशी, दारात कसाव्याचे कंद सोलत बसली होती. शेजारी माझी खुर्ची मांडलेली. दक्षिणेचा गार हिवाळी वारा सुटला होता, तरी तासभर आत गेली नाही.

लिहितेच एकदाचं. ती चार प्रकरणं माझी नाहीत. मावशीची आहेत. मोठा पूर आला तेव्हा ती कोठाराच्या छपरावर अकरा दिवस अडकली होती, आणि सोबतीला एकच बाई — पेत्रोना, मावशीच्या नवऱ्यानं ठेवलेली! दोघींत एक झोळी, एक शेळी. झोळीत झोपायचं आळीपाळीनं. पाचव्या दिवशी पेत्रोना न विचारता हिचे केस विंचरायला बसते...

दर गुरुवारी ती थोडंथोडं सांगायची. मी घरी येऊन हातसुद्धा न धुता वही उघडायचे. शब्द तिचे, तसेच्या तसे. एकदा तिनं विचारलं होतं, "काय गं लिहीत असतेस, मास्तरीणबाई?"

"शाळेच्या आठवणी."

तोंडावर खोटं! तिला वाचता येत नाही, म्हणजे कधी कळणार नाही — हा हिशेब मी तेव्हाच केला होता. किळस येते स्वतःची.

१० जून

लुक्रेसियाबाईंचा फोन. "एर्मिंदा, छप्पर ठेवा आणि बाकी सगळं टाकून द्या. तेवढीच कादंबरी आहे. तेच वाढवा. कुठून हो सुचलं तुम्हाला?"

"सुचलं. असंच."

असंच!

११ जून

दोघींची नावं बदलली. नदी बदलली. लाज होती तिथंच.

१३ जून, गुरुवार

गेले. पानं पिशवीत. वाटलं होतं, दारातूनच परत पाठवेल.

"आलीस? मला वाटलं मेलीस," मावशी म्हणाली. "बस."

बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं — वही, खोटं, असुन्सिऑन, संपादिका. तिनं सुरी खाली ठेवली.

"वाच," म्हणाली.

"मावशी, मी तुझं आयुष्य..."

"वाच म्हणते ना!"

वाचलं. चारही प्रकरणं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच हात वर केला. "शेळी कुठं गेली?"

"काढली. ती — जरा खोटी वाटत होती."

"खोटी!" इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "शेळीशिवाय त्या दोघी एकमेकींशी बोलतील कशा? आधी शेळीशीच बोलायच्या ना त्या! आणि शेवटी त्यांना गळ्यात गळा काय घालायला लावलास? पाणी उतरलं, खाली आल्या, एक इकडं गेली, एक तिकडं. पुन्हा बोलल्या नाहीत. संपलं."

माझ्या चोरीबद्दल एक शब्द नाही. मी रडले तर म्हणाली, "पानं भिजवू नकोस."

घरी येताना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

१५ जून

चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. शेळी परत घेतली. मावशीचं बरोबर होतं — शेळी आल्याबरोबर नववं प्रकरण चालायला लागलं.

पण पेत्रोना? ती जिवंत असेल तर तिचीही परवानगी घ्यायला हवी. नवऱ्यानं ठेवलेली म्हणून तिला छापून जगासमोर उभी करायची, तेही तिला न विचारता? एक चोरी कबूल केली म्हणून दुसरी पचत नाही. संध्याकाळी कुंपणावरून मावशीला विचारलं, पेत्रोना कुठं राहते. "बघू," म्हणाली नि आत गेली.

२० जून, गुरुवार

आज हटूनच बसले. पत्ता मिळाल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही म्हटलं.

मावशी हसायलाच लागली. पोट धरून! "कसला पत्ता? पेत्रोना नाहीच. पुराच्या वेळी मी टेकाडावर बहिणीकडं होते, ठणठणीत कोरडी. आणि माझा नवरा? त्या बिचाऱ्याला एक बायको झेपत नव्हती!"

"मग हे सगळं...?"

"तुझा नवरा आन्सेल्मो गेला त्या आठवड्यात तू इथं येऊन रडत बसलीस. काहीतरी सांगायला हवं होतं. मग तू विचारायला लागलीस — पुढं काय झालं? मग काय, आठवडाभर कसावा सोलताना पुढचं रचायचे."

मी तिचं आयुष्य चोरलं म्हणून पंधरा दिवस मरत होते. आयुष्य नाही. कादंबरी चोरली.

पिशवीतून पहिलं पान काढलं, माझं नाव खोडलं. "मावशी, तुझं पूर्ण नाव सांग."